पर्याय नसलेला प्रश्न : वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील निबंधाची तयारी

नीटच्या प्रश्नपत्रिकेत १८० प्रश्न असतात, १८० मिनिटे असतात आणि ७२० गुण असतात. त्या तीन तासांत विद्यार्थ्याला स्वतःचे असे एकही वाक्य लिहावे लागत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे, आणि रिपीट करणाऱ्यांची तीन किंवा चार वर्षे, चार पर्यायांतून एक गोल काळा करण्यात जातात. या पद्धतीला मी नावे ठेवत नाही, कारण लाखो मुलांची परीक्षा एकाच दिवशी घ्यायची असेल तर दुसरा मार्ग सोपा नाही. परंतु तिचा एक खोल ठसा मनावर राहतो: योग्य उत्तर कोठेतरी आधीच छापलेले आहे आणि आपल्याला ते केवळ ओळखायचे आहे. परदेशातील काही वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत निबंधाचा विभाग असतो, तेथे नेमकी हीच धारणा आडवी येते, आणि म्हणून विज्ञानात उत्तम गुण मिळवणारी मुले त्या एका विभागात गडबडतात.

आपल्याकडील प्रवेशप्रक्रियेत हा विभाग जवळजवळ नाहीच. पुण्यातल्या एएफएमसीसाठी, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी, नीटनंतर इंग्रजी, आकलन आणि तर्क यांची वेगळी चाचणी होते, पण तीही पर्यायांचीच असते. बोलण्याची कसोटी लागते ती मुलाखतीत. त्यामुळे निबंधाशी गाठ पडते ती प्रामुख्याने परदेशातील पदवीनंतरच्या वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी अर्ज करणाऱ्यांची. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे लेखनाच्या मार्गदर्शनासाठी येणाऱ्यांत बायोटेक, फार्मसी आणि फिजिओथेरपीची पदवी घेतलेली किंवा शेवटच्या वर्षात असलेली मुले-मुली वाढली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गॅमसॅट ही एकच परीक्षा असते. पुढील विवेचन मुख्यतः तिच्याच आधाराने केले आहे. अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र नक्की तपासाव्यात: आपल्याला हव्या त्या विद्यापीठाला परदेशी विद्यार्थ्यांकडून कोणत्या परीक्षेचे गुण चालतात, आणि परत येऊन भारतात प्रॅक्टिस करायची असल्यास नीटची पात्रता व परवान्याची परीक्षा यांचे नियम आपल्याला कसे लागू होतात. परीक्षेची फी भरल्यानंतर हे शोधण्यात अर्थ नसतो.

परीक्षा नेमकी काय मागते

गॅमसॅट ही ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि आयर्लंडमधील अनेक वैद्यकीय विद्यापीठे वापरतात ती परीक्षा. ती मेलबर्न येथील एसर ही संस्था घेते. तिचे तीन विभाग आहेत. पहिल्यात उताऱ्यांवरील तर्क, तिसऱ्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र व भौतिकशास्त्र, आणि मधला, म्हणजे दुसरा विभाग, संपूर्णपणे लेखनाचा. त्यात ६५ मिनिटांत दोन निबंध संगणकावर टंकित करायचे असतात. एकूण गुण काढताना विज्ञानाच्या विभागाला दुप्पट वजन असते, त्यामुळे लेखनाचा वाटा एक चतुर्थांश येतो. काही विद्यापीठे तिन्ही विभागांना सारखे वजन देतात आणि तेथे हा वाटा एक तृतीयांश होतो. दोन निबंधांसाठी हे वजन थोडे नव्हे. सेंद्रिय रसायनाच्या एका प्रकरणावर महिना घालवणारा विद्यार्थी लेखनाला शेवटचा आठवडा देतो, तेव्हा तो कोणता हिशेब करतो हे मला आजवर समजलेले नाही.

प्रश्नाचे स्वरूप आपल्या सवयीपेक्षा वेगळे असते. ‘पर्यावरण व आपण’ असा विषय दिलेला नसतो. एका सूत्राभोवती गुंफलेली चार-पाच छोटी अवतरणे देतात. ती एकमेकांशी सहमत नसतात, किंबहुना त्यांनी एकमेकांना छेद द्यावा अशीच त्यांची निवड केलेली असते. त्यांपैकी एकाचा किंवा अधिकांचा धागा पकडून लिहायचे असते. पहिला निबंध सामाजिक-सांस्कृतिक प्रश्नांवर असतो आणि त्यात युक्तिवाद अपेक्षित असतो. दुसरा वैयक्तिक व मानवी संबंधांच्या विषयांवर असतो आणि त्यात चिंतनाला वाव असतो. परीक्षक दोन अंगांनी पाहतात: विचार व आशय किती कसदार आहे, आणि मांडणी व अभिव्यक्ती किती सुसूत्र आहे. तुमचे मत ‘बरोबर’ आहे की नाही यावर गुण नसतात, असे परीक्षा घेणारी संस्थाच सांगते. त्याचबरोबर, आधीच पाठ करून आणलेला आणि दिलेल्या विषयाशी थेट न जुळणारा मजकूर कमी गुण मिळवतो, हेही ती सांगते. या दोन सूचना एकत्र वाचल्या की विभागाचा हेतू उलगडतो. ज्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, अशा प्रश्नासमोर तुम्ही अर्ध्या तासात कसे विचार करता, हे त्यांना पाहायचे असते. डॉक्टरला रोज हेच करावे लागते. रुग्णाच्या मुलाला वाटते, आजार वडिलांना सांगू नये. वडील विचारतात, मला काय झाले आहे. या क्षणाचे उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेले नसते.

सरावासाठी ब्रिटनमधील बीमॅट या परीक्षेचा साचा उपयोगी पडतो. ती परीक्षा २०२३ नंतर बंद झाली, तरी तिच्या लेखनविभागाची रचना शिकण्यासारखी होती. अर्धा तास, ए-फोर आकाराचे एकच पान, आणि एका विधानाबाबत तीन कामे: हे विधान काय म्हणते ते समजावून सांगा, त्याच्या विरुद्ध बाजूने युक्तिवाद करा, आणि तुम्ही कितपत सहमत आहात ते ठरवा. अमेरिकेतील एमकॅटमध्येही १९९१ पासून २०१२ पर्यंत लेखनाचा विभाग होता आणि त्याची चाल जवळपास अशीच होती: विधान स्पष्ट करा, ते जेथे लागू पडत नाही असा प्रसंग सांगा, आणि मग ते केव्हा लागू पडते व केव्हा नाही याचा निकष शोधा. तीन वेगळ्या देशांतील परीक्षा फिरून एकाच ठिकाणी येतात, याचा अर्थ ही चाल सवयीची करून घेण्याजोगी आहे. मी तर म्हणेन, पहिला महिना गॅमसॅटचे प्रश्न बाजूला ठेवून केवळ या तीन पायऱ्यांवर एकेक परिच्छेद लिहावा.

शाळेतल्या निबंधाचे उपकार आणि अडथळे

मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला निबंध नवा नसतो. आत्मकथन, वर्णन, प्रसंगलेखन, कल्पनाविस्तार, वैचारिक निबंध. फाटक्या पुस्तकाचे मनोगत आणि ‘सूर्य उगवला नाही तर’ आपण सर्वांनी लिहिले आहे. या लेखनाने आपल्याला वाक्यांची लय दिली, वेळेत पान भरण्याची सवय दिली, आणि ती शिदोरी लहान नव्हे. अडचण वेगळीच आहे. त्या निबंधात निष्कर्ष आधी ठरलेला असे. झाडे लावावीत, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, विज्ञानाचा उपयोग चांगल्या कामासाठी करावा. प्रश्न फक्त तेथवर किती सुरेख भाषेत पोहोचायचे एवढाच उरे. सुरुवातीला सुभाषित, मध्ये दोन उदाहरणे, शेवटी ‘म्हणून आपण सर्वांनी’ असे आवाहन. परदेशी परीक्षकासमोर हाच साचा इंग्रजीत उतरला की निबंध गुळगुळीत आणि पोकळ वाटतो, कारण त्यात लेखकाला कोठेही अडखळावे लागलेले नसते.

दुसरा अडथळा पल्लेदार शब्दांचा आहे. विद्यार्थी शब्दकोशातून जड इंग्रजी शब्द वेचून आणतात आणि जागोजागी पेरतात. जो शब्द तुम्ही मैत्रिणीशी बोलताना कधी वापरला नाही, तो परीक्षेत प्रथमच वापरू नये, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी चूक टळते.

एक प्रश्न, जवळून

नुसते नियम सांगून लेखन शिकवता येत नाही, म्हणून एक प्रश्न उलगडून पाहू. सरावासाठी मी स्वतः तयार केलेली ही चार विधाने आहेत, आणि त्यांचे सूत्र सक्ती हे आहे.

‘ज्या नियमासाठी पोलीस उभा करावा लागतो, तो नियम लोकांना पटलेला नसतो.’

‘माझ्या खोकल्याबद्दल बोलण्याचा माझ्या शेजाऱ्यालाही हक्क आहे.’

‘सक्तीने वाचवलेला जीवही जीवच असतो.’

‘भीतीने पाळलेली शिस्त भीतीबरोबरच संपते.’

बहुतेक विद्यार्थी पहिल्या मिनिटातच चौथे विधान उचलतात आणि करोनाच्या टाळेबंदीवर लिहू लागतात. उदाहरण चुकीचे नाही, पण सर्वांनी पाहिलेले असल्यामुळे त्यावर लिहिलेली वाक्येही सर्वांची सारखीच होतात. माझी सूचना अशी असते की पहिली पाच मिनिटे एकही वाक्य टंकित करू नये. एक विधान घ्यावे आणि त्याला दोनच प्रश्न विचारावेत: हे केव्हा खरे ठरते, आणि केव्हा खरे ठरत नाही?

पहिले विधान घेऊ. हे खरे ठरते असा प्रसंग पुणेकराला शोधावा लागत नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, त्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला, आणि प्लेगच्या नियंत्रणासाठी नेमलेल्या रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाताखाली सैनिकांनी घराघरांत शिरून रुग्णांची झडती सुरू केली. रुग्ण वेगळे काढणे, घरे निर्जंतुक करणे ही उपाययोजना आजच्या दृष्टीनेही निरर्थक नव्हती. तरीही लोक आजारी माणसांना लपवू लागले, कारण दारात उभा असलेला सैनिक त्यांना प्लेगपेक्षा भयंकर वाटत होता. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. आता हेच विधान खरे ठरत नाही असा प्रसंग पाहू, आणि तोही आपल्याच शहरातला: हेल्मेट. हेल्मेटसक्तीला पुण्यात वारंवार विरोध झाला, चौकात पोलीस उभे करावे लागले, पण हेल्मेटने डोके वाचते हे विरोध करणाऱ्यांनाही ठाऊक होते. म्हणजे पोलीस उभा करावा लागला एवढ्यावरून नियम चूक होता असे म्हणता येत नाही, आणि लोकांना तो पटलेला नव्हता असेही छातीठोकपणे म्हणता येत नाही. पटूनही माणसे गोष्टी टाळतात.

येथवर आले की चांगला विद्यार्थी थबकतो, आणि मला त्या थबकण्याची वाट पाहायची असते. दोन्ही उदाहरणे सक्तीचीच आहेत, मग त्यांत फरक कोणता? एक उत्तर असे येते की प्लेगमध्ये धोका इतरांना होता आणि हेल्मेट न घालणारा मुख्यतः स्वतःला धोक्यात टाकतो. या निकषाने पाहिले तर प्लेगची सक्ती अधिक समर्थनीय ठरायला हवी होती. प्रत्यक्षात तीच उधळली गेली. म्हणजे धोका कोणाला आहे हा निकष पुरा पडत नाही. मग दुसरा निकष पुढे येतो: सक्ती करणारा कोण आहे आणि त्याच्यावर लोकांचा विश्वास किती आहे. त्याच वर्षी, त्याच शहराच्या वेशीवर, हडपसरच्या ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाईंनी तेथे आणले. त्यातून त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकच साथ, एकच वर्ष: एका दारामागे रुग्ण लपवला जातो आणि दुसऱ्या दारातून तो पाठीवर घेऊन दवाखान्यात नेला जातो. या दोन दृश्यांमध्ये जो युक्तिवाद आहे तो कोणत्याही सुभाषिताला मागे टाकतो.

आता निबंधाची भूमिका एका वाक्यात लिहिता येते: साथीच्या काळात सक्ती वैध असू शकते, परंतु ज्या यंत्रणेने साथीपूर्वी विश्वास कमावलेला नाही तिची सक्ती रुग्णाला उजेडात आणण्याऐवजी अंधारात ढकलते. हे विधान वादग्रस्त आहे. त्याला आक्षेप घेता येतो, की विश्वास कमवायला वर्षे लागतात आणि साथ तेवढी थांबत नाही. हा आक्षेप निबंधात स्वतःहून मांडावा आणि त्याला उत्तर द्यावे. माझ्या अनुभवात ज्या निबंधात लेखक स्वतःच्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा स्वतः पुढे आणतो, तो निबंध वाचताना माणूस मान वर करतो.

येथे एक सावधगिरी. आपल्या इतिहासातील उदाहरण घेतले की हात आपोआप गौरवाकडे वळतो. सावित्रीबाईंविषयी लिहिताना त्यांच्या शिक्षणकार्यापासून सुरुवात होते आणि मूळ मुद्दा मागे पडतो. रँडविषयी लिहिताना चापेकर बंधूंचे शौर्य येते. आदर मनात असावा. निबंधात फक्त तेवढेच तपशील यावेत जे युक्तिवादाचे ओझे उचलतात. शिवाय दूरच्या देशात बसलेल्या परीक्षकाला रँड कोण हे ठाऊक नसते, म्हणून एका वाक्यात ओळख द्यावी: ‘पुण्यातील प्लेगच्या नियंत्रणासाठी नेमलेला ब्रिटिश अधिकारी’ एवढे पुरते. तीन वाक्यांची ओळख झाली की तो इतिहासाचा तास होतो.

अशी दहा-बारा प्रकरणे खोलवर माहीत असणे हे शंभर विषयांवरची वरवरची माहिती असण्यापेक्षा फार मोलाचे आहे, आणि त्यासाठी एक वेगळी वही करावी. प्रकरणाखाली घटना, साल, दोन्ही बाजू आणि ‘यातून कोणता प्रश्न उरतो’ हे लिहावे. उदाहरणादाखल अरुणा शानबाग प्रकरण घ्या. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या, आणि १९७३ मधील हल्ल्यानंतर जवळजवळ ४२ वर्षे त्याच रुग्णालयात अचेतनावस्थेत होत्या. त्यांना मरणाची परवानगी मिळावी अशी याचिका झाली तेव्हा तिला विरोध केला तो त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनी. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये ती याचिका फेटाळली, पण काही अटींवर जीवरक्षक उपचार थांबवण्याचे तत्त्व मान्य केले, आणि २०१८ मध्ये आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्रालाही मान्यता दिली. येथे कोणीही खलनायक नाही. दोन्ही बाजूंना त्यांच्याबद्दल कळवळाच होता. अशी प्रकरणे निबंधाला खरी खोली देतात. किंवा जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या भागात गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याचा संशय आला तेव्हाची घरोघरची चर्चा आठवा: पाणी उकळून पिणे ही नागरिकाची जबाबदारी, की शुद्ध पाणी देणे ही पालिकेची? त्या आठवड्यांत ज्याने घरी पिंपे उकळली आहेत, त्याच्याजवळ लिहिण्यासारखे काहीतरी असते. पण म्हणून प्रत्येक निबंधात रुग्णालय आणू नये. गॅमसॅटचे विषय संपत्ती, तंत्रज्ञान, लोकशाही, कला असे कोणतेही असू शकतात, आणि ‘मला डॉक्टर व्हायचे आहे’ हे परीक्षकाला आधीच माहीत असते.

दुसरा निबंध

युक्तिवादाचा निबंध शिकवता येतो. वैयक्तिक निबंधात मात्र विद्यार्थ्याला स्वतःच्या आयुष्याकडे पाहायचे धाडस करावे लागते, आणि आपल्याकडची मुले येथे संकोचतात. ‘माझ्या आयुष्यात काही घडलेलेच नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे.

कर्वेनगरमध्ये राहणाऱ्या एका विद्यार्थिनीला ‘ऐकणे’ या सूत्रावर लिहायचे होते. तिचा पहिला मसुदा आजी-आजोबा हे कुटुंबाचे मूळ असतात, त्यांचे ऐकायला हवे, आजची पिढी मोबाइलमध्ये गुंतली आहे, अशा वाक्यांनी भरलेला होता. मी तिला विचारले, तुझी आजी आहे का घरी? आहे, ती म्हणाली, पण तिला कमी ऐकू येते. मग तिने सांगितले की ती आजीला रक्तदाबाच्या तपासणीसाठी नेते तेव्हा डॉक्टर बोलत असतात आणि आजी प्रत्येक वाक्याला ‘हो, हो’ म्हणत मान हलवते. बाहेर पडून रिक्षात बसल्यावर हळूच विचारते, ‘काय म्हणाले गं ते?’ एकदा या ‘हो, हो’पायी सकाळची गोळी रात्रीही घेतली गेली. आजीला ऐकू येत नाही हे सांगण्याची लाज वाटत होती, आणि डॉक्टरांना तिच्या मान हलवण्यात होकार दिसत होता.

हे सांगताना ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘सर, हेच लिहू का?’ तिच्या दुसऱ्या मसुद्यात पिढ्यांवरचे एकही विधान नव्हते. होकार आणि समजणे यांतले अंतर, त्या अंतरात लपलेली लाज, आणि आपण स्वतःही वर्गात न समजताच किती वेळा मान हलवली याची तिला आलेली आठवण, एवढाच ऐवज होता. तो निबंध तिने वाचून दाखवला तेव्हा खोलीतली बाकीची पाच मुले शांत झाली होती.

वैयक्तिक निबंधातील प्रसंग मोठा असण्याची गरज नाही. मृत्यू, अपघात, अपयशावर मात असे प्रसंग मुद्दाम शोधू नयेत, आणि रचून तर मुळीच लिहू नयेत. रचलेल्या दुःखाला तपशील नसतात आणि ते लगेच ओळखू येते. प्रसंग निबंधाच्या फार तर एक तृतीयांश जागेत आटोपावा. उरलेल्या जागेत त्या प्रसंगाने तुमच्या आधीच्या समजुतीचे काय केले हे लिहावे.

इंग्रजीची बाजू

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. आराखडा मराठीत काढला तरी चालतो. माझे अनेक विद्यार्थी समासात मराठीतच शब्द टिपतात आणि त्याने त्यांचा वेग वाढतो. फक्त आपल्या भाषेच्या काही सवयी इंग्रजीत कोठे खटकतात ते माहीत हवे. आपण ‘जरी... तरी’ म्हणतो, म्हणून ‘ऑलदो’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘बट’ येतो. इंग्रजीत त्यांपैकी एकच पुरतो. ‘चार वर्षांपासून’चे ‘सिन्स फोर इयर्स’ होते, तेथे ‘फॉर’ हवे. ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे आपल्याकडे नसल्याने ती एकतर गळतात किंवा उगाच चिकटतात. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे लांब वाक्यात आपण मुख्य गोष्ट अखेरीस राखून ठेवतो. इंग्रजी वाचक कर्ता आणि क्रियापद लवकर शोधतो, तेव्हा लांब वाक्य लिहून झाले की त्याचा कर्ता कोण आणि त्याने काय केले हे दोन शब्दांत सांगता येते का ते पाहावे. सांगता आले नाही तर वाक्य तोडावे. आपल्या दोन-तीन कायमच्या चुका कोणत्या हे ज्याला ठाऊक आहे, त्याला शेवटच्या तीन मिनिटांत नेमके काय तपासायचे ते कळते.

तीन महिन्यांचा सराव

पहिला महिना परिच्छेदांचा. रोज एक विधान, आणि त्यावर खरे केव्हा, खोटे केव्हा, निकष कोणता, अशी पंधरा मिनिटे. वाचनासाठी एकाच विषयावरील दोन विरोधी अग्रलेख शोधावेत, एक मराठी आणि एक इंग्रजी असल्यास उत्तम, आणि लेखकाने स्वतःच्या बाजूचा कोणता कच्चा दुवा झाकला आहे ते समासात लिहावे. दुसऱ्या महिन्यात आठवड्याला दोन पूर्ण निबंध, घड्याळ लावून. या टप्प्यावर एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: नवा निबंध लिहिण्याआधी जुना एकदा पुन्हा लिहावा. पुनर्लेखन कंटाळवाणे वाटते आणि मुले ते टाळतात, पण आजीवरचा तो निबंध पहिल्या मसुद्यात संपला असता तर तो सामान्यच राहिला असता. निबंध वाचायला विज्ञानाबाहेरच्या माणसाला द्यावा. इतिहास शिकलेली मावशी किंवा बँकेत काम करणारे काका चालतात. त्यांना चुका काढायला सांगू नये. ‘मी काय म्हणतो आहे ते एका वाक्यात सांगा’ एवढेच विचारावे. त्यांनी सांगितलेले वाक्य आणि तुमच्या मनातले वाक्य वेगळे निघाले, तर निबंधात कोठेतरी सांधा निखळला आहे.

इंटरनेटवरून किंवा एखाद्या यंत्राकडून तयार निबंध घेऊन ते पाठ करण्याचा मोह होतो. आदर्श निबंध म्हणून ते वाचण्यास हरकत नाही, परंतु पाठ केलेला मजकूर विषयावर बसवण्यासाठी ओढाताण करावी लागते आणि ती ओढाताण प्रत्येक परिच्छेदाच्या जोडावर दिसते.

तिसऱ्या महिन्यात दोन्ही निबंध सलग, ६५ मिनिटांच्या एकाच बैठकीत, आणि संगणकावर. वहीत सुंदर लिहिणारी मुले कीबोर्डवर अडखळतात. मिनिटाला पंचवीस-तीस शब्दांचा वेग नसेल तर तो आधी कमवावा, आणि शब्दांखाली लाल रेघ ओढणारी सोय बंद ठेवूनच सराव करावा. वेळेची वाटणी साधारण अशी ठेवावी: प्रत्येक निबंधाला पाच-सहा मिनिटे विचार, तेवीस-चोवीस मिनिटे लेखन, तीन मिनिटे तपासणी. पहिला निबंध रंगात आला म्हणून दुसऱ्याचा वेळ खाऊ नये. एक उत्कृष्ट आणि एक अर्धवट यांपेक्षा दोन चांगले निबंध केव्हाही पुढे राहतात. शब्दसंख्येची ओढ नको. चारशे ते पाचशे शब्दांत भूमिका, उदाहरण, आक्षेप आणि त्याचे उत्तर हे सारे मावते.

तपासणीच्या त्या तीन मिनिटांत आधी शेवटचा परिच्छेद वाचावा आणि लगेच वर जाऊन निवडलेले अवतरण वाचावे. मधला मजकूर झाकला तरी ही दोन टोके एकमेकांशी बोलत असतील तर निबंध जागेवर आहे, आणि मग उरलेला वेळ ‘ऑलदो’मागे शिरलेला ‘बट’ काढण्यासाठी वापरता येतो.